फॉर्मवर पाच

बाटली हलवायची नाही. आधी बघायची.
उजेडासमोर धरली की वाटतं, फॉर्मॅलिनशिवाय
आत काही नाहीच.
मग एक कण सरकतो,
आणि नजर बसली की त्याच्यामागून दुसरा.

बँगोरच्या या तळघरात माझं अकरावं वर्ष.
खिडकी आहे, पण छताला लागून,
तिच्यातून दिसतात ती फक्त माणसांची पावलं
आणि कधी सीगलचे गुलाबी पाय.

पहिल्या आठवड्यात मी लिहिलं होतं :
'मोहरीएवढे तीन, मिठाच्या खड्याएवढा एक.'
मेरेरिदने कागद परत केला.
"मोहरी कुणाच्या घरची?
उपमा घरी ठेवून यायच्या. इथे पट्टी."

चिमट्याने उचलायचं, दाबायचं नाही.
दाबलं की पेशी फरफटतात
बोट फिरलेल्या काजळासारख्या
(ही उपमा मी कुठेही लिहिलेली नाही).
माणसाच्या घशातून नळी उतरवून,
खोकू नका, अजून थोडंच, असं म्हणत
एवढंसं मिळालेलं असतं.
ते माझ्या बोटांच्या घाईत जायला नको.
म्हणून दुसऱ्याच्या फुप्फुसावर वाकून
मी माझा श्वास धरून ठेवते.

आज फॉर्मवर पाच.
बाटलीत चार.
पुन्हा मोजले. चार.

नाव दोनदा वाचायचं असतं,
फॉर्मवर एकदा, बाटलीवर एकदा, अक्षर न् अक्षर.
पण वाचायचं म्हणजे जुळवायचं.
ओळखायचं नाही.

इद्वाल बेब. जन्म चव्वेचाळीस. ब्लायनाय फेस्टिनियोग.

शाळेची सहल. खाणीजवळची पत्र्याची शेड.
गुडघ्यावर दगड आडवा धरून
हा माणूस त्याचे पापुद्रे काढत होता,
छिन्नी टेकवायचा, हलकेच ठोकायचा,
आणि वहीचं पान उलटावं तशी
एक पाटी सुटून यायची.
आमच्याकडची सगळी छपरं त्या दगडाची.
या इस्पितळाचंही.
"जोर नको," तो म्हणाला,
"जोर केलास की नुसता भुगा."
उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगत होती.
आम्हाला ती फार सुंदर वाटली.
जाताना त्याने एका तुकड्यावर
खिळ्याने माझं नाव कोरून दिलं, एलुनेद,
घाईत एक अक्षर गळालेलं.

झाकण उलटं केलं. दिव्याखाली फिरवलं.
पहिला आटा, दुसरा.
तिसऱ्या आट्यात, प्लॅस्टिकच्या कडेला चिकटून,
पाचवा.
करडा. त्यात काळे ठिपके.
ओल्या काडीच्या टोकाने सोडवला,
पाण्याच्या थेंबात उतरवला,
तर बुडेना.
एवढ्याशात हवा.
सकाळी सव्वानऊला आत घेतलेली,
अजून सोडलेली नाही.
कोरडा पडला म्हणूनही तरंगत असेल.
मेरेरिद तेच म्हणाली असती.

इओसिनचा एक थेंब, पुढच्याला दिसावा म्हणून.
कागदाची घडी. कॅसेट. कट्.

मग रेकॉर्डरवर, रोजच्याच आवाजात :
'ऊतीचे पाच तुकडे. करडे-तपकिरी.
सर्वांत मोठा दोन मिलिमीटर,
सर्वांत लहान एकहून कमी, काळे ठिपके असलेला,
झाकणाच्या आट्यात मिळाला.
सर्व प्रक्रियेसाठी.'

रात्रभर ते मेणात जातील.
उद्या ओशियान पात्यावर त्यांचे काप काढील,
केसाहून कितीतरी पातळ,
कोमट पाण्यावर पसरवील.
जोर नको, हे त्याला
कुणी सांगायला लागत नाही.
वरच्या मजल्यावर कुणीतरी ते वाचेल.
काय वाचलं ते
माझ्यापर्यंत यायचं कारण नाही.

घरी त्या पाटीवर मी चहाची किटली टेकवते.
संध्याकाळी किटली उचलून पाहिलं.
डाग पडलाय. नाव आहे.
अक्षर तेवढं
अजून सापडायचंय.