अधांतरी

वीज गेली आणि डबा थांबला.
खाली क्विरिला नदी, मँगनीज धुऊन धुऊन काळी झालेली,
वर खाणीचं तोंड, मध्ये तारेला टांगलेले आम्ही पाच जण:
शाळेचा शिपाई, कोंबडी घेतलेली म्हातारी,
माझी मावसबहीण मझिया, मी,
आणि दाराची कडी धरून ओतिया.

वारा आला की डबा झुले.
म्हातारी देवाचं नाव घेई, कोंबडी तिच्याहून मोठ्यानं.
मझिया रडली.
शिपायानं सिगारेट काढली, पेटवली नाही, परत ठेवली.
मी जीव मुठीत धरून उभी.
ओतिया बोलत नव्हता, हलत नव्हता.
मला वाटलं, किती शांत आहे हा माणूस!
छातीत इतकं धडधडत होतं
की मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं: हाच.

बावन्न मिनिटांनी वीज आली.
अकरा महिन्यांनी लग्न.

तेकले, आमची लेक, तिबिलिसीला मानसशास्त्र शिकते.
सुट्टीत आली, घेवड्याच्या लोबियोत पाव बुडवत म्हणाली,
आई, छाती धडधडते तेव्हा मन कारण शोधतं,
आणि समोर जो चेहरा असेल त्याच्या नावावर सगळं मांडतं.
भीती होती ती. तू तिला बाबांचं नाव दिलंस.

मी म्हटलं, समोर शिपाईसुद्धा होता.
ती हसली. पण रात्री मला झोप लागेना.
कारण शिपाई देखणा होता,
आणि मला आजही त्याचा चेहरा आठवत नाही.

एक गोष्ट मी तेकलेला सांगितली नाही.
ती तीन वर्षांची असताना मी ग्रीसला होते,
थेस्सालोनिकीत एका आजारी बाईचं अंग पुसायला.
तिच्या भावाची स्कूटर होती. एकदा तो म्हणाला, बस मागे.
समुद्राकाठी वळणावर स्कूटर कलली,
आणि तोच ठोका, अगदी तोच, छातीत.
मी थांब म्हटलं. उतरले. चालत घरी आले,
पाऊण तास, उन्हात, स्वतःवरच चिडत.

पातिव्रत्य वगैरे काही नव्हतं त्यात.
हिशेब होता, आणि हिशेबाची मला लाज नाही.
दर रविवारी ओतिया टपाल कचेरीत जाऊन फोन लावायचा,
भाव सांगायचा: मैदा, रॉकेल, लाकूड.
पाइप गोठला, सोडवला.
तेकलेनं बाराखडीतलं पाचवं अक्षर उलटं काढलं.
मला भेटावंसं वाटतं असं एकदाही म्हणाला नाही.
पण इतक्या रविवारांची रास पडली होती माझ्या नावावर,
ती सोडून कुठे जायचं, आणि कुणाच्या स्कूटरवरून?

तीन वर्षांनी परत आले. तेकले ओळखेना.
ओतियानं पलंगाची माझी बाजू मोकळी ठेवली होती,
तिथे कांदे वाळत घातले होते, एवढंच.

आता नव्या केबल कार आल्यात.
काचा मोठ्या, दार आपोआप मिटतं, चार मिनिटांत वर.
परवा आम्ही दोघं बसलो. नदी तशीच काळी.
मी म्हटलं, तेव्हा तू किती शांत होतास!
ओतियानं डोळे मिटले होते. तो म्हणाला,
नाझिब्रोला, मला उंचीची भीती वाटते.
त्या दिवशी जीभ टाळूला चिकटली होती.
कडी सोडली असती तर खालीच बसलो असतो मी.

अठ्ठावीस वर्षं!
मी भीतीला प्रेम समजले, आणि त्याच्या भीतीला धीर.
हसू येत होतं, रागही येत होता,
आणि छाती मात्र अगदी गप्प.

मग वर पोचेपर्यंत
मी त्याला नदीकडची बाजू दिसणार नाही अशी बसले,
आणि कांद्याचा भाव सांगत राहिले.