चिंचोके

पहिला नियम मी अंबडच्या बसमध्ये लिहिला,
डब्याच्या पिशवीवर वही टेकवून:
वीस बाजूंचा फासा टाका. दहाच्या आत पडला
तर कैदी बोलतो.

शनिवारी सातपूरला, झाकीरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर
विशाखा फासा मुठीत धरून बसली. टाकेचना.
तिची डोहाई पकडली गेली होती,
रात्री बंडखोरांना पैलतीरी सोडणारी नावाडीण,
आणि मी किल्लेदार.
नाव सांग, म्हणालो.
डोहाई.
ती नाव नव्हे. होडी. कुठे बांधलीस?
विशाखा म्हणाली, फासा सात पडला म्हणून
माझी बाई फितूर होणार?
हे म्हणजे झोपेत अंगठा उमटवून घेणं झालं.

ती नाशिक रोडला प्रेसमध्ये आहे.
रोज संध्याकाळी गेटवर तिची पर्स उलटी करतात.
आज काय छापलं, किती छापलं, ती घरीही सांगत नाही.
गप्प बसण्याचे नियम मी तिला काय शिकवणार?

खोडलं.

दुसरा: कैद्याला पाच चिंचोके.
गप्प राहायचं तर एक मोजायचा.
खोटं बोलायचं तर दोन, आणि ते खोटं वहीत उतरवायचं,
पुढचं सगळं त्याच्याशी जुळवावं लागतं.
खरं फुकट.

बागूल पतपेढीत आहे, त्याला राहवत नाही.
म्हणाला, पाच प्रश्नांत कुणीही रिकामा.
सहावा विचारायचा की झालं.
विचारणाऱ्याचं काय जातंय?

म्हणून तिसरा: किल्लेदारालाही चिंचोके, सहाच.
एक प्रश्न, एक चिंचोका मधल्या वाटीत.
कारण होडी कुठे म्हणताच
डोहाईला कळतं, ती अजून सापडलेली नाही.
बरोबर कोण होतं म्हणताच कळतं,
कुणीतरी निसटलंय.
विचारणं म्हणजे आपल्याच कंदिलाने आपलं तोंड दाखवणं.
या ओळीवर मी खूश होतो. दोनदा वाचून दाखवली.
पाच आणि सहा. सगळा खेळ त्या एका चिंचोक्याचा.

झाकीर तोवर काही बोलला नव्हता.
म्हणाला, मला एकदा चौकीत बसवलं होतं,
चोरीच्या मोटारसायकलसाठी.
तिच्या कागदांची झेरॉक्स कुणी माझ्याकडे काढली होती, एवढंच.
दुपारी दोन ते रात्री नऊ. कुणी काही विचारलं नाही.
भिंतीवर घड्याळ, तेही बंद.
मग एक जण चहा घेऊन आला, आल्याचा.
घ्या चाचा, म्हणाला, उशीर झाला.
आणि मी बोलत सुटलो.
न विचारलेलंही. भावाचं, उधारीचं,
कोण कशाच्या झेरॉक्स काढतं ते.
हे तुझ्या वहीत कुठंय?

खेळात आम्ही सगळे एकमेकांना एकेरी हाक मारतो.
त्या रात्री मला त्याला 'तू' म्हणवेना.

चौथा नियम मी लिहिला नाही.
पुढच्या शनिवारी डोहाईला कोठडीत ठेवलं
आणि दोन तास बाकीच्यांचाच खेळ चालवला.
बागूलने दोन पहारेकरी लोळवले, एक घोडा विकत घेतला.
विशाखा पोत्यांना टेकून,
चिंचोके मांडत, मोडत, परत मांडत.
जानेवारीचा गारठा शटरच्या फटीतून वर येत होता.
मग मी थर्मास उघडला.
कप तिच्यापुढे ठेवला.
घे, म्हणालो. उशीर झाला.

तिने कपाकडे पाहिलं, मग झाकीरकडे.
झाकीर फरशीकडे बघत होता.
तिने पाचही चिंचोके एकदम कपाशेजारी ठेवले.
कशाचे? मी अजून विचारलंच नाही.
चहाचे, म्हणाली. आणि प्यायली नाही.

आता माझ्याकडे सहा प्रश्न आणि तिच्याकडे मोकळा हात.
बागूल म्हणाला, विचार ना.
होडी कुठे आहे हे माझ्या वहीत नव्हतंच,
मी ते ठरवलंच नव्हतं.
ती जे सांगेल तेच खरं ठरणार होतं,
आणि तिला ते ठाऊक होतं.

मी वही मिटली, शेवटच्या बसचं निमित्त केलं.
चिंचोके डब्यात भरताना मोजले नाहीत.
तो गार झालेला, साय धरलेला चहा
झाकीरने उचलला
आणि उभ्या उभ्या संपवला.