हातचा एक

ग्लिवित्सेच्या कारखान्यातून निघालेली आमची ओपेल
एकोणीस वर्षांची झाली. मांजरीहून सात वर्षांनी थोरली.
तिच्या कप्प्यात एक चौकटींची वही आहे:
किती लिटर, किती पैसे, किती किलोमीटर.
अक्षर माझं. आलोयझ नुसते आकडे ओरडायचा,
पंपाची नळी हातात धरून.

आता यादविगा म्हणते, काढून टाका ती,
विजेवरची घ्या, वापरलेली मिळते.
यादविगा क्राकोव्हला राहते.
तिथून सगळंच जवळ दिसतं.

मी नवं पान घेतलं, पेन्सिलीला टोक केलं.
वर्षाला चार हजार किलोमीटर. याहून आम्ही जातो कुठे?
रविवारचं चर्च, उन्हाळ्यात बागेचा तुकडा,
नोव्हेंबरात मेणबत्त्यांची पिशवी घेऊन कबरस्तान,
आणि दर तीन आठवड्यांनी
छातीचा डॉक्टर.
पेट्रोलचे वाचतील ते इतके. गाडीचे जातील ते इतके.
शिवाय म्हणे बॅटरी घडतानाच एवढा धूर होतो
की तो फेडायला गाडीला आधी पुष्कळ पळावं लागतं.
किती पुष्कळ? यादविगानं फोनवर एक आकडा सांगितला.
मी भागाकार केला, दोनदा.
आलोयझ ब्याण्णव वर्षांचा होईल
तेव्हा आम्ही शून्यावर येऊ.

दात कोरून पोट भरायचं, आणि तेही उसन्या दातांनी.

"आणि वीज कशाची?"
आलोयझ वाक्याच्या मध्ये थांबतो, जिना चढताना थांबावं तसा.
"भिंतीतल्या त्या दोन भोकांमागे कोण बसलंय?
मी बसलोय.
सातशे मीटर खाली, गुडघ्यांवर, एकतीस वर्षं.
यांची गाडी माझ्या कोळशावर पळणार
आणि मलाच सांगतात, स्वच्छ!"

"वीज बदलतेय, बाबा, हळूहळू का होईना," यादविगा म्हणाली.
"तुमची ओपेल जेवढी काळी आहे
तेवढीच राहील. किंवा वाढेल."
त्यानं सूप संपवलं. मी वही मिटली.

मग संत बार्बराच्या दिवशी, खाणवाल्यांच्या सणाला,
ती आली, बेनेकला घेऊन.
बाहेर उणे नऊ. आलोयझ पिसांची टोपी घालून
मिरवणुकीला निघालेला, गाडी तापवत होता.
लाल विटांच्या गॅरेजांची ती रांग,
आणि ओपेलच्या मागे पांढऱ्या धुरात
बेनेक उभा, दोन्ही हात पसरून,
ढग पकडत.
चार वर्षांच्या मुलाचं तोंड
गाडीच्या नळीच्या जवळजवळ बरोबरीला येतं.
हे मला कधी सुचलंच नव्हतं.
वहीत त्या उंचीची चौकट नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी पाहिलं:
आलोयझनं आरशात बघितलं.
इंजिन बंद केलं.
उतरला, टोपी काढून काखेत धरली
आणि पोराला उचलून घेतलं, खोकत,
तोंड दुसरीकडे वळवून.
मिरवणुकीला तो चालत गेला. उशिरा पोचला.

आता दारात करड्या रंगाची एक गाडी उभी असते,
आवाज नसलेली. शेजारीण हेडविग तिला बिचारी म्हणते.
गॅरेजात वीज नाही, म्हणून रात्री
तारेचं भेंडोळं खिडकीतून बाहेर जातं, फुटपाथ ओलांडून,
आणि खिडकी बोटभर उघडी राहते.
मी फटीत टॉवेल कोंबते. तरी गार वारा आत येतोच,
बरोबर कुणाच्या तरी शेगडीतला कोळशाचा वास.
"तो माझा," आलोयझ झोपेत म्हणतो,
की जागा असतो, कळत नाही.

हिशोब अजून आतबट्ट्याचाच आहे. मी खोटं लिहीत नाही.
फक्त शेवटच्या ओळीत, डाव्या कोपऱ्यात वर,
शाळेत लिहायचो तसा बारीक,
एक आकडा मांडून ठेवलाय,
पुढच्या घरासाठी हातचा.