सत्तर ताटं

लाइटबिलाच्या पाठीमागे
मी आठवडा लिहिते, मंगळवारपासून.
आमचा आठवडा सोमवारी सुरू होत नाही,
बोरखेडीचा बाजार भरला की होतो.

पाच माणसं, दोन वेळा, सात दिवस. सत्तर ताटं.
हाती आठशे.
राशनचे गहू-तांदूळ, कोठीत पायलीभर ज्वारी,
ते यात धरत नाही.
वेदू सहावीत आहे. कानावरची पेन्सिल काढून म्हणतो,
"माय, आमचं दोघाईचं दुपारचं शाळेत. बारा ताटं कमी कर."
मग भागाकार मांडतो.
एका ताटाला तेरा रुपये एकोणऐंशी पैसे.
"पैशे आता कोठी चालतेत?" पायल विचारते.
चालतात, बाई. माझ्या तेलाच्या पळीत चालतात.

मंगळवार हिरवा. मेथी, सांबार, वांगी,
बाजार उठता उठता घेतलेली,
जेव्हा भाजीवाला वजन न करताच ढीग पुढं सरकवतो.
बुधवारी मेथी संपवायची, ती कुणासाठी थांबत नाही.
वांगं दोन दिवस धीर धरतं, गुरुवारी त्याचं भरीत.
शुक्रवारी ओल्या तुरीचे सोले,
त्याला पैसा नाही, धुऱ्यावरच्या शेंगा ओटीत येतात,
पण सोलायला अख्खं घर बसवावं लागतं.
शनिवारी नुसतं वरण.
रविवारी ह्यांना अंडी लागतात.
चारच. मामंजी माळकरी,
त्यांच्या माळेनं दर आठवड्याला एक अंडं वाचतं.
सोमवारी डब्यांच्या तळाशी जे असेल ते,
मूगवड्या, जवसाची चटणी, पातळ बेसन,
ऐन वेळी लोटाभर पाणी जास्त सोसेल असं काहीही.

सगळं बसलं. सदतीस रुपये उरले.
कागद मिठाच्या बरणीखाली दाबला.

गुरुवारी कुंपणावरून हात आला,
चंद्रकला उईकेचा, कोपरापर्यंत पीठ,
वाटीत सहा सांबारवड्या, तेल अजून बोलतंय.
"पोट्ट्यायले दे. आज केल्या म्या."

पोरं नाचली.
मामंजींनी अर्धी वडी
हिरड्यांमध्ये बराच वेळ सांभाळली.
भरीत तसंच राहिलं.
वेदूनं लगेच चार ताटं जमा धरली
आणि नवा भागाकार मांडला.

वाटीचं गणित त्याला अजून कुणी शिकवलेलं नाही.
स्टीलची, काठावर चं. उ. कोरलेलं,
घासून पुसून ओट्यावर ठेवली आहे,
येता-जाता माझ्याकडं बघते.
रिकामी वाटी परत जात नाही.
साखर घालून द्यावी, तर ते सुटका करून घेतल्यासारखं.
तिनं सारणात खसखस घातली होती, मला दातांत लागली.
जवस मागं तिच्याच घरून आलेलं,
आणि तिळगूळ तर सगळ्यांच्याच घरून येऊन संपला.

शनिवार.
'वरण' खोडते, 'गोळाभात' लिहिते.
सोमवारचं बेसन आजच परातीत,
तिखट, ओवा, मुठीनं दाबलेले गोळे भाताच्या वाफेत.
वरून घालायला लसणाचं तेल कडवते,
एक पळी, आणि हात आखडत नाही म्हणून
दुसरी.
तिच्या वाटीत गोळा मोठा बघून ठेवते.

वेदू कागद घेऊन दारात उभा.
"माय, सोमवारी काय मंग?"
सोमवारी बघू, मी म्हणते.
सोमवारी वाटी तिच्याकडं असेल.