बिनसांध्याची

अंबडला, गाळा नंबर सत्तावीस.
लाकडी घोड्यांवर तीन महिने उभी आहे ती,
चाकं नाहीत, काचा नाहीत, नावही नाही.
नाव मीच काढलं. नाकावरची निकेलची अक्षरं
उचकटून सहा भोकं बुजवली.

फरोख सेठ देवळालीच्या बंगल्यात चादर ओढत म्हणाले होते,
"मामानी सदुसष्टला घेतलेली.
मला ती पाण्यातून आत्ता वर आल्यासारखी पाहिजे.
एक सांधा दिसला नाय पाहिजे."

तर मडगार्ड आणि अंग यांच्यामधला गोट
चोळीचा उसवावा तसा एका टोकानं उसवला.
आत गंज, चिमूटभर विलायती माती
आणि एक मुंगळा, वाळून काडी झालेला.

मग टाके. इथे एक, तिथे एक.
एका दमात रेघ ओढली की पत्रा रुसतो, पापडासारखा फुगतो.
टाका मार, ओलं फडकं ठेव, दुसरीकडे जा,
चहा पी, परत ये.
लांबी मी भरत नाही, दोन उन्हाळ्यांत फुटते.
मी शिसं भरतो.
शिशाआधी कल्हई, कल्हईआधी नवसागर,
आणि तो पांढरा धूर नाकात गेला
की मी अंबडला नसतो.

तांबट आळीत असतो.
वडील खरवईवर पातेलं उपडं घालून बसलेले,
ठोक्याला लागून ठोका, ठोक्याला लागून ठोका.
गिऱ्हाईक बाई घागर आधी उन्हात धरायची,
मठार बघायची, मग भावाला हात घालायची.
ठोका दिसतो तोवर भांडं आपलं, म्हणायचे वडील.
गुळगुळीत ते कारखान्याचं, म्हणजे कुणाचंच नाही.

आणि माझा धंदा हा:
हजार ठोके मारायचे, एक दिसू द्यायचा नाही.

डोळ्यांवर माझा भरवसा नाही.
काळा फवारा हलका मारतो, पाणीकागद फिरवतो,
खोलगट असेल तिथे काळं उरतं.
तेही पटलं नाही तर तळव्यावर मलमल घेऊन,
डोळे मिटून, बोनेटपासून डिकीपर्यंत एकच हात.
लांब देवळालीकडे तोफांचा सराव चालू असला
तर पत्रा हाताखाली किंचित शहारतो.
तेवढ्यापुरतं थांबतो.

बुधवारी मामा स्वतः आले, रिक्षानं.
अठ्ठ्याऐंशी वय, एका डोळ्यात मोतीबिंदू.
गाडीला न विचारता जवळ गेले
आणि हात गेला बरोबर त्या उंचीवर,
अंगठा दाबायच्या तयारीत.
मूठ तिथे नाही. मूठ मी महिन्यापूर्वीच भरून टाकली.
हात घसरला.
परत तिथेच ठेवला. परत घसरला.

मी घाईघाईनं आरशाखालचं बटण दाखवलं.
दार खट्कन आपलं आपण उघडलं.
मामा बसले नाहीत.
जरा वेळानं म्हणाले, "आणि बॅटरी उतरली तर, दीकरा?"

आहे ना, तार सोडलीय, म्हटलं, मडगार्डच्या आत.
त्यांचा हात धरून आत नेला, बोट कडीत अडकवून दिलं.
कडी त्यांनी ओढली नाही.
बोटं वर सरकली, मडगार्डच्या उलट्या अंगाला,
जिथे घासायला मी कधी जात नाही, कारण कोण बघतंय.
तिथे सगळे आहेत.
ठोक्याला लागून ठोका, ओळीनं,
मलाही ठाऊक नव्हतं इतक्या ओळीनं.

"हे कोणाचं?"
माझंच, म्हटलं.
"हं."
आणि हात तिथेच, बराच वेळ.
बाहेर रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न दिला.

सोमवारी आतून डांबर मारायचंय, गंज धरू नये म्हणून.
त्या कडीपाशी वीतभर जागा सोडीन म्हणतो.
तिथे नुसतं तेल.