बावीस किलो कमी

एव्हलेथच्या स्लोव्हेनियन हॉलला अठ्ठावीस पायऱ्या आहेत.
मोजलेल्या आहेत. एकोणिसावी हलते.
फेब्रुवारीत त्यांच्यावर बर्फ असतो
आणि बर्फावर कुणीतरी फेकलेलं मीठ,
उणे सव्वीसात ज्याचा काही उपयोग नसतो.

तीस वर्षं मी तिथून अ‍ॅम्प वर नेला,
दोन स्पीकरांचा, सहा व्हॉल्व्हांचा, एकतीस किलोंचा.
मग खाली येऊन पेडलांची पेटी.
मग खाली येऊन केबलींची पिशवी.
मग खाली येऊन उगाच, काही राहिलं का बघायला.
नाकापेक्षा मोती जड,
हे शेवटी कमरेनं सांगितलं, चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधून.
डॉक्टर लिंडक्विस्टबाईंनी त्याला नंतर लॅटिन नाव दिलं.

जानेवारीत तळघरात बसून पेटी उघडली.
बारा पेडलं.
निळं कोरस डेनिसच्या लग्नासाठी घेतलेलं.
डेनिसचं लग्न टिकलं नाही, हे टिकलं.
केशरी डिस्टॉर्शनवर बिअर सांडलेली, १९९८ ची,
अजून चिकट.
एकाचं नावच पुसलं गेलंय. दाबल्यावर नक्की काय होतं
ते मला सांगता येणार नाही,
पण काढलं तर आवाज पातळ होईल अशी भीती वाटायची.
भीतीलाही नऊ व्होल्ट लागतात.

आणि डिले.
रेइनो गेला त्या वसंतात घेतलेला.
एकदा वाजवलं की तीनदा ऐकू यायचं,
तिसऱ्यांदा दुसऱ्या खोलीतून आल्यासारखं.
माझा भाऊ तसाच बोलायचा, स्वयंपाकघरातून, पाठमोरा.

क्लोकेतल्या एका निवृत्त मास्तरांकडून
छोटा अ‍ॅम्प आणला. नऊ किलो. एक स्पीकर.
तीन बटणं, त्यातलं एक फिरत नाही.
एक केबल. ती गिटारमधून निघते
आणि कुठेही न थांबता घरी पोचते.

शनिवारी पहिल्या पोल्काला
मी कपडे विसरून आल्यासारखा उभा.
डावा पाय जुन्या सवयीनं
रिकाम्या फळ्यांवर काहीतरी दाबत होता.
बोट उचललं की सूर संपे,
तिथेच, काठावर,
मागे कुणी सावरायला नाही.
दुसऱ्या कडव्यात चुकलो, ते हॉलभर कळलं.
एक म्हातारा नाचता नाचता माझ्याकडे बघून हसलादेखील.

तिसऱ्या वॉल्ट्झला करंगळीनं
गिटारवरचं व्हॉल्यूम जरासं मागे घेतलं,
आणि व्हेरा झुपान, वय एकाहत्तर,
अकॉर्डियनच्या भात्यावरून मान वळवून म्हणाली,
'तू आहेस होय तिकडे?'

मध्यंतरात, सॉसेज खाता खाता, आणखी म्हणाली,
'अकरा वर्षं तुझ्या बाजूनं
सरोवरावरचं धुकं यायचं, टोइव्हो.
मी आपली भोंगा वाजवत राहिले,
कुणाची बोट आदळू नये म्हणून.'
मला राग आला. मोहरी जास्त घेतली.
मग दुसऱ्या सत्रात ती जिथे श्वास घेत होती
तिथे मी दोनच सूर ठेवले, कोरडे,
आणि तिनं ते उचलले.
एवढंच झालं. टाळ्या नेहमीइतक्याच पडल्या.

रात्री एकाच फेरीत सगळं खाली.
एका हातात अ‍ॅम्प, पाठीवर गिटार,
केबल कोटाच्या खिशात.
डिले गाडीच्या खणात पडलाय, बॅटरीशिवाय.
विकायचा की नाही, अजून ठरत नाही.

दुसरा हात मोकळा. काय करायचं त्याचं, कळेना.
सवयीनं पुन्हा वर गेलो, काही राहिलं का बघायला.
व्हेरा दाराशी होती.
म्हटलं, आण इकडे.
चौदा किलो. म्हटलं, तूही काहीतरी कमी कर बाई.
'यातून काय काढणार,' ती म्हणाली, 'आत सगळा वाराच आहे.'
एकोणिसावी पायरी हलली.
तिनं माझी बाही धरली, की मी तिची.