पंचवीस पूर्ण

गेल्या मंगळवारी मला पंचवीस पूर्ण झाली
आणि आईचं पेन्शन बंद झालं.

खिडकीतल्या बाई वाईट नव्हत्या.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या,
यादी नव्याने तपासतायत, मावशी,
मुलगा कमावता झाला ना आता.
आईने माझ्याकडे पाहिलं,
पारखून घेतलेला बांगडा
घरी आल्यावर पुन्हा उलटून बघावा तसं.

कमावता म्हणजे
महिन्यातले अकरा-बारा दिवस
गोदामात खोक्यांना पट्ट्या चिकटवणारा.
उरलेले दिवस फोन चार्ज करून ठेवणारा.

मानखुर्दच्या आमच्या बिल्डिंगीत
लिफ्ट बंद, लिफ्टचे पैसे चालू.
झोपडी होती तेव्हा पाणी विकत, उजेड फुकट.
आता पाणी नळाला
आणि भर दुपारी ट्यूबलाइट.
घराच्या कागदावर अजून बाबांचंच नाव,
सात वर्षं झाली त्यांना जाऊन.
आईचं नाव लागलंय ते फक्त
तळमजल्याच्या फळ्यावर, खडूने:
सहाशे चार, मुक्ता धिवार, थकबाकी.

रात्री भांडी पालथी घालता घालता म्हणाली,
तुझ्या दाखल्यावरची तारीखच चुकलीय बघ.
तू नंतरचा. वर्षभर तरी नंतरचा.

हीच बाई मला लहानपणापासून सांगत आलीय:
गोवंडीचा दवाखाना, पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं,
नर्स केरळची, तिच्या हातात एकच बांगडी.

मी म्हटलं, हो.
चुकलीच असेल.